एका खेपेचा हिशेब

बसवनगुडीत राहायला आल्यापासून माझी रविवारची सकाळ गांधी बझारातल्या विद्यार्थी भवनात जाते. १९४३ पासूनचं हॉटेल, दाराशी कायम गर्दी. डोसा आवडतोच, पण नजर असते वाढप्यावर. डोशांच्या बशांची उतरंड एका हातावर तोलत तो येतो आणि टेबलाटेबलावर एकेक बशी उतरवत जातो. तव्यापासून टेबलापर्यंतची पावलं एका बशीला जेवढी, तेवढीच बारांना.

महासंगणक रचणाऱ्याचं निम्मं काम मला या खेपेत दिसतं.

वेगाचा आकडा सगळे आधी विचारतात. इथंच बंगळुरूत २००३ मध्ये 'परम पद्म' होता, २४८ प्रोसेसर, एक टेराफ्लॉप. भारतीय विज्ञान संस्थेतला २०२२ चा 'परम प्रवेग' ३.३ पेटाफ्लॉपचा. पण हे आकडे सगळे प्रोसेसर क्षणभरही न थांबता राबतात असं धरून काढलेले. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसतात. वीस मीटरची केबल ओलांडायला संदेशाला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीनशे ठोके होऊन जातात. निरोप बांधणं आणि स्विचमधून वाट काढणं धरलं, की हिशेब हजारांत जातो.

हे मला पुस्तकानं नाही, माझ्याच चुकीनं शिकवलं. हवामानाच्या एका मॉडेलमध्ये आकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसरला एक दिला होता. दर पायरीला शेजाऱ्याकडून कडेचे आकडे घ्यायचे. मी तापमान, दाब, वारा, बाष्प यांचे वेगवेगळे निरोप पाठवत होतो, तेही थराथराचे स्वतंत्र. प्रोसेसर दुप्पट केले आणि काम उलट मंदावलं! तीन आठवडे मी केबली तपासत होतो. मग एका शेजाऱ्यासाठी सगळ्याचा एकच गठ्ठा बांधला, आणि यंत्र मोकळं झालं.

याच शहरात, राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, १९८६ मध्ये यू. एन. सिन्हा यांच्या गटानं 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक उभा केला. पुढे त्यांनी त्यासाठी 'फ्लोस्विच' घडवला. निरोप नुसता पुढे न ढकलता तो वाटेतच त्यावर गणित करायचा. सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज हवी असेल, तर ती मुक्कामी पोचण्याआधीच होत जाणार. वाहतुकीलाच कामाला लावायचं, हे ज्याला सुचलं त्याला प्रोसेसरनं वाट पाहत बसणं मनापासून खुपत असणार.

परवा एक तरुण सहकारी नव्या यंत्राचा आराखडा घेऊन घरी आली. पहिल्याच पानावर प्रोसेसरांची संख्या, ठळक अक्षरांत. मी विचारलं, "तुमचा कोड एका पायरीत किती निरोप पाठवतो? आणि केवढे?"

"मोजले नाहीत, सर."

चहा तसाच ठेवून तिनं लॅपटॉप उघडला.