गोदामाच्या यादीत राहून गेलेली नावं

धाकट्या भावाने वहीचं पान पुढे ठेवलं. "भाईजान, एवढं मराठीत नीट उतरवून द्या, वकिलाला दाखवायचंय." यादी उर्दूत होती. घरात अर्ज-कागदाची वेळ आली की बी.एड. झालेला मीच सापडतो.

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. दादाजान खांद्यावर पिंजण घेऊन जिंतूर, सेलूकडची खेडी फिरायचे. अब्बांनी परभणीत, दर्गा रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत मशीन बसवलं. भाऊ तिथंच गाद्या-रजया करतो. आता जागा पुरत नाही. कापूस छताला टेकलेला, वर वायरी लोंबतात, गल्लीत टेम्पो वळत नाही. गेल्या उन्हाळ्यात मोटारीतून ठिणगी उडाली. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावले म्हणून निभावलं. त्या रात्री अब्बाच म्हणाले, "दुसरी जागा बघा." आता पाथरी रोडला, गावाबाहेर, पत्र्याचं गोदाम पाहिलंय.

यादी खरंच चांगली होती. थ्री फेज मीटर, मशीनचा ओटा, आग विझवायची सिलिंडरं, सगळं होतं. मी थोडी भर घातली. भाडेकरार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी जागामालकावर टाकली आहे. जीएसटीत नवा पत्ता १५ दिवसांत कळवायचा. विमा कंपनीलाही आधीच सांगायचं, कारण आगीचा विमा पत्त्यावर असतो. माल पाथरी रोडला आणि पॉलिसी गल्लीतली, असं झालं तर भरपाई मागायला कोणत्या तोंडाने जाणार? मुहूर्तही ठरला: लग्नसराई उरकली की, पण मृगाच्या आत. कापूस एकदा भिजला की त्याचे गोळे होतात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना कारखान्यात डोकावलो. खोळी शिवणाऱ्या आणि रजयांना दोरे भरणाऱ्या आठ बायका आहेत, सगळ्या मोहल्ल्यातल्या. त्यातल्या वडील खालांनी सुईवरून नजर न काढता विचारलं, "मास्टर साब, उधर तक कैसा आना जी?"

मला उत्तर सुचेना. मशीनच्या पट्ट्यासुद्धा यादीत होत्या, या आठजणी नव्हत्या. त्यातल्या एकीची मुलगी माझ्या वर्गात आहे. दुपारी शाळा सुटली की ती आईजवळच येऊन बसते, तिथंच गृहपाठ करते. रोज रिक्षाने जाऊन-येऊन मजुरीत उरणार काय? आणि न पाहिलेल्या रस्त्यावर, संध्याकाळी, घरचे पाठवतील तरी का? भाऊ म्हणाला, "तिकडच्या मिळतील." मिळतीलही. पण ठिणगी उडाली तेव्हा बादल्या याच घरांतून आल्या होत्या.

मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ साली वाशीला गेला, मागून बाकीचे घाऊक बाजारही गेले. बाजार हलला म्हणून पोती उचलणारे हात आपोआप हलत नाहीत. पण माथाडींच्या मागे १९६९ चा कायदा होता, अण्णासाहेब पाटलांची संघटना होती. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांना घरं मिळाली. खालांच्या मागे कोण? सुई-दोऱ्याची संघटना मी तरी परभणीत पाहिलेली नाही.

रात्री जेवणानंतर वाद झाला. शेवटी अब्बांनी हिशेब मागितला. धोका कापसाच्या साठ्याचा आणि मशीनचा. तेवढंच गोदामात जाईल. शिवण गल्लीतच राहील. सकाळी टेम्पो एका दिवसापुरता कापूस आणेल, संध्याकाळी तयार माल घेऊन जाईल. डिझेल आणि दोन जागांचं वीजबिल मांडून भाऊ बराच वेळ गप्प बसला. त्याचंही चुकीचं नाही, हप्ते त्याला भरायचेत. मग म्हणाला, "एक सीझन बघू."

मी यादी पुन्हा लिहिली, वरती आठ नावं घातली. आता अडलंय ते पंख्यावर. मशीन हलल्यावर रिकाम्या होणाऱ्या कोपऱ्यात पंखा लावावा, असं भावाचं म्हणणं. खालांना तो खिडकीजवळ हवाय, जिथं उजेड आहे आणि पोरगी गृहपाठाला बसते.