पाखरांचे महसुली वर्ष

महसूल खात्याचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि जानेवारीतही नाही. ते १ ऑगस्टला उघडते आणि पुढील ३१ जुलैला मिटते. सातबारे, फेरफार, पेरेपत्रके आणि मोजणीचे नकाशे यांच्या सहवासात पटवारी म्हणून सारी नोकरी संपवून मी लाखांदूर तालुक्यातील मोठ्या दिघोरीस घरी येऊन राहिलो, आणि घरामागच्या वाडीतून दृष्टीस पडणाऱ्या पक्ष्यांची दरसाल एक नोंदवही ठेवण्याचे मनात आणले, तेव्हा या वहीचे वर्ष कोणते धरावे हाच पहिला प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेली जगभरची माणसे बहुधा १ जानेवारीस कोरे पान उघडतात. परंतु आमच्या पूर्व विदर्भात तो दिवस हिवाळ्याच्या ऐन मध्यावर पडत असल्यामुळे, ऑक्टोबरात उत्तरेकडून उतरलेला आणि मार्चपर्यंत त्याच कुपाटीवर शेपूट थरथरवीत बसणारा थिरथिरा एकाच मुक्कामासाठी दोन वर्षांच्या खाती विभागला जावा, हे मला पटेना. महसुली वर्ष धरले असता हिवाळी पाहुण्यांचे येणे, राहणे आणि जाणे एकाच वहीत अखंड राहते. म्हणून ज्या कालगणनेने मी आयुष्यभर जमिनीचा हिशेब ठेवला, तीच पाखरांनाही लावली.

वर्ष ठरल्यावर हद्द ठरविणे प्राप्त होते. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तशी मी ती पहिल्या पानावर लिहिली आहे : पूर्वेस विहीर व कडुनिंब, दक्षिणेस बांबूचे बेट, उत्तरेस शेजाऱ्यांचे कवेलूंचे घर, आणि पश्चिमेस कुपाटी, तिच्यापलीकडे धानाच्या बांध्या व त्यांच्याही पलीकडे तलावाची पाळ. नियम एवढाच की पाहणाऱ्याचे पाय या चतुःसीमेच्या आत असावेत. पक्षी मुनग्यावर असो, पाळीवर असो की आभाळातून जात असो, वाडीत उभे राहून दिसला तर तो वहीत येतो, आणि चार पावले बाहेर जाऊन दिसला तर येत नाही. तारीख, वेळ, नाव, ठिकाण आणि शेरा असे पाच रकाने आखले असून नावापुढे ‘प्रत्यक्ष’ किंवा ‘ऐकीव’ असे नमूद केलेले असते. कारण पावशा दिवसचे दिवस ओरडूनही दर्शन देत नाही, आणि ज्याचा स्वर ओळखीचा आहे त्याची हजेरी नाकारणे न्यायाचे नव्हे, तसेच कानाची साक्ष आणि डोळ्यांची साक्ष एकाच मोलाची धरणे हेही दप्तराच्या शिस्तीस धरून नव्हे.

या छंदाची दीक्षा मला ग्रंथांकडून मिळाली, आणि ती देणारा लेखक आमच्याच परिसरात वावरलेला होता. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता, तो १९९९ साली झाला, आणि नवेगावबांध आमच्या भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. पाखरांविषयीचे पुष्कळसे ज्ञान तलावाकाठच्या आणि रानातल्या माणसांच्या मुखी आहे, आणि ते नम्रपणे ऐकून घेतले पाहिजे, हे मी त्यांच्या लेखनावरून शिकलो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याच्या एका टोकास चितमपल्लींचा जन्मदिवस आहे आणि दुसऱ्या टोकास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली निवर्तल्याचे वर्तमान आले, त्या दिवसाच्या नोंदीखाली शेऱ्याच्या रकान्यात मी त्यांचे नाव लिहून ठेवले आहे.

एकाच ठिकाणाहून वर्षानुवर्षे पाहत राहण्याचे मोल मात्र मला परदेशातील एका धर्मोपदेशकाच्या उदाहरणावरून कळले. इंग्लंडातील सेलबोर्न या लहानशा खेड्यात राहणाऱ्या गिल्बर्ट व्हाइटने १७५१ साली आपल्या बागेची रोजनिशी सुरू केली आणि १७९३ साली देहावसान होईपर्यंत निसर्गाच्या नोंदी ठेवल्या. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन वटवटे हे वस्तुतः तीन निराळे पक्षी आहेत, हे त्याने प्रामुख्याने त्यांच्या स्वरांवरून ओळखले. दूरदेशी हिंडून जे साधले नसते ते त्याला आपल्याच गावात कान देऊन बसल्याने साधले, ही गोष्ट माझ्या ‘ऐकीव’ या शब्दाला मोठा आधार देऊन गेली.

आमच्या वहीचे पहिले पान हिरवे असते. ऑगस्टात रोवणी आटोपत आलेली, बांध्यांत पाणी तुंबलेले, आणि विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडावर सुगरणीचे नर धानाच्या पातीचे लांब धागे काढून आणून खोपे विणण्यात गढलेले असतात. खोपा अर्धा झाला की मादी येऊन तो पारखते, आणि तिच्या पसंतीस उतरला तरच पुढचे काम होते. याच दिवसांत सातभाईंचा कलकलाट कुपाटीतून सरकत जातो, आणि एखादे वर्षी त्यांच्यामागे भुकेने आक्रोश करणारे असे एक पिलू दिसते की जे त्यांच्यासारखे मुळीच नसते. ते चातकाचे अथवा पावशाचे असते. आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून हे दोन्ही पक्षी संगोपनाचा भार त्यांच्यावर टाकतात, आणि सातभाई तो तक्रारीवाचून वाहतात. भर पावसात पंख फुलवून त्या परक्या पिलाच्या चोचीत अळी घालणारा सातभाई मी सपरीत बसून जितका वेळ पाहिला आहे, तितका वेळ कोणत्याही दुर्मीळ पक्ष्याकडे पाहिलेला नाही.

सप्टेंबरात एके सकाळी शेजारच्या मासेमार ढीवराचा मुलगा कुपाटीपाशी धावत आला आणि म्हणाला, “काकाजी, पाळीवर मोठे बगळे उतरले जी, लवकर पाहा.” ते मुग्धबलाक होते, चोचीच्या दोन पात्यांत फट राहणारे करकोचे. बांध्यांतील गोगलगाई हे त्यांचे मुख्य अन्न. शिंपल्यासारखे कवच न फोडता आतला जीव अलगद ओढून काढण्याचे त्यांचे कसब मी त्या दिवशी प्रथम निवांतपणे पाहिले. “हे आपल्या धानाचे वैरी की सोयरे?” असे मी त्या मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गोगलगाय खातेत ना जी, मग सोयरेच.” शेऱ्याच्या रकान्यात मी त्याचेच शब्द उतरवले.

धान कापणीस आले की मुनियांचे आणि पोपटांचे थवे लोंब्यांवर उतरतात, आणि कापणी होऊन बांध्यांत लाखोळीचा हिरवा गालिचा उरला की हिवाळी पाहुण्यांची रीघ लागते. परीट शेपूट हलवीत बांधावरून चालू लागतो, गप्पीदास काडीच्या टोकावर बसून सारखा खाली झेपावतो, आणि पाळीपलीकडच्या पाण्यावर बदकांचे काळे ठिपके दिसू लागतात. जानेवारीच्या थंडीत, अंगणात शेकोटी विझत आलेली असताना, पट्टकादंब हंसांची एक ओळ वाडीवरून गेली, तो दिवस माझ्या वहीतील थोर दिवसांपैकी आहे. तिबेट, मंगोलिया यांच्या उंच पठारांवर जन्मलेले, हिमालय ओलांडून आलेले ते जीव काही क्षण माझ्या चतुःसीमेवरच्या आभाळात होते. जमिनीची हद्द मी जन्मभर साखळीने मोजली, परंतु तिच्या वरच्या बाजूला हद्द नसते ही गोष्ट त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने उमगली.

फेब्रुवारीत पळस पेटतो आणि त्याच्या मधासाठी भोरड्या, शिंजीर, कोतवाल आणि बुलबुल यांची झुंबड उडते. याच महिन्यात जगभर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट’ ही परसातील पक्ष्यांची गणना होते. निदान पंधरा मिनिटे पाखरे पाहून जे दिसेल ते लिहून कळवावे, एवढीच तिची अट आहे, आणि भारतातील निरीक्षक २०१३ पासून तीत सामील होत आले आहेत. पुढे वैशाखात विहीर तळास जाते. मातीच्या परळात भरून ठेवलेल्या पाण्यावर हळद्या, नाचण, तांबट आणि कधी रानातून आलेला शुभ्र शेपटीचा स्वर्गीय नर्तक यांची पाळी लागते. माझी पत्नी त्या वेळी वाडीत भाजी निवडीत बसलेली असते आणि पुष्कळ नोंदी तिच्याच असतात; “अहो, बांबूत काहीतरी नवं पाखरू शिट्टी घालतं, ऐका,” असे तिने एका जूनच्या संध्याकाळी सांगितले, आणि तो नवरंग निघाला. दक्षिण भारतात व श्रीलंकेत हिवाळा काढून पहिल्या पावसाबरोबर आमच्या रानात विणीसाठी येणारा हा पक्षी, ‘ऐकीव’ म्हणून लिहिला गेला आणि चौथ्या दिवशी पाचोळा उलथताना ‘प्रत्यक्ष’ झाला. त्याच सुमारास मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो, आणि ३१ जुलैला वही मिटते.

अशा वह्या एकीपुढे एक मांडल्या म्हणजे जे दिसले त्याच्याइतकेच जे दिसले नाही तेही बोलू लागते. नोकरीच्या आरंभीच्या काळात गावोगावच्या ढोरफोडीवर गिधाडांचे थवे मी पाहिलेले आहेत. माझ्या वहीत मात्र गिधाड एकाही वर्षी नाही. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि भारत सरकारने २००६ साली पशुवैद्यकीय उपयोगासाठी त्यावर बंदी घातली. पण तोवर देशातील काही प्रमुख जातींची गिधाडे शेकडा नव्वदांहून अधिक नाहीशी झाली होती. सारसाचेही नाव माझ्या वहीत नाही. महाराष्ट्रात हा देखणा क्रौंच आता मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांतच उरला आहे. धानाच्या बांधीत तो घरटे करतो आणि अनेक शेतकरी ते राखतात. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची गणना होते. गोंदियाकडे जाऊन मी सारसाची जोडी डोळे भरून पाहिली आहे, तिचे पुकारणे ऐकले आहे. परंतु वहीचा नियम मोडून तिची नोंद केली असती तर दिघोरीत सारस नाही हे सत्य त्या नोंदीखाली झाकले गेले असते. यादीची प्रतिष्ठा तिच्या लांबीत नसून तिच्या खरेपणात आहे, आणि म्हणून सारसापुढील रकाना मी दरसाल आखतो व रिकामाच ठेवतो.

या रिकाम्या आणि भरलेल्या रकान्यांचा अर्थ लावताना मला वारंवार आमच्या जुन्या दप्तराकडे वळावे लागते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी उतार हेरून, माती ओढून बांधलेले हे तलाव गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात होते, आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर ते सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणविले जाऊ लागले. त्या तलावांत ढोरांना कोणी पाणी पाजावे, मासळी कोणी धरावी, बांध्यांना पाणी कोणत्या क्रमाने मिळावे, असे गावाचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये आणि लोकांचे हक्क निस्तारपत्रकात लिहिलेले असत. त्या कागदांत पाखरांसाठी रकाना नव्हता, तरी त्यांची वहिवाट आपल्या सर्वांच्या आधीची आहे. माझ्या वाडीतील मुग्धबलाक, अडई, खंड्या, परीट, हे वाडीचे नव्हेतच. ते तलावाचे आणि बांध्यांचे रहिवासी आहेत. हळद्या, स्वर्गीय नर्तक आणि नवरंग रानाचे आहेत. चिमणी शेजाऱ्याच्या कवेलूंची आहे. ज्या वर्षी तलाव गाळाने आणि बेशरमीच्या झुडपांनी भरत गेला त्या वर्षी मुनगा तोच होता, परळातले पाणी तेच होते, आणि तरीही वहीतील नावे घटली. उलट, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढीवर बांधवांना सोबत घेऊन या भागातील काही तलावांतून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे जोपासले, तेव्हा अशा तलावांवर पाखरेही परतली.

म्हणून आपल्या परसात पक्षी यावेत असे ज्याला मनापासून वाटते, त्याने परळात पाणी अवश्य ठेवावे, पण त्याचे खरे कर्तव्य परसाच्या हद्दीबाहेर आहे, हेच या वह्यांनी मला शिकविले. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. दर १ ऑगस्टला नवी वही उघडण्यापूर्वी मागील सालाच्या नोंदींची स्वच्छ नक्कल करून त्या कामी ग्रामपंचायतीकडे देण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. आणि गावोगावच्या शाळांनी, पाणी राखणाऱ्या ढीवर कुटुंबांनी, शेतावर राबणाऱ्या बायामाणसांनी आपापल्या चतुःसीमेतून अशीच नोंद ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. तलावाचा गाळ कोठून आणि किती काढावा, पाळीवरची कोणती झाडे राखावीत, पाण्याचा कोणता उथळ कोपरा तसाच सोडावा, याचा ठराव ग्रामसभेत मांडला जाईल त्या दिवशी तेथील रहिवाशांची वहिवाट तारीखवार सांगणारा कागद सभेपुढे असला पाहिजे, आणि तो कागद पाखरांच्या वतीने आपल्यालाच लिहून द्यावा लागणार आहे.