खिसा सांभाळताना : एका संशयाचा इतिहास

१/ रामनवमीला शिर्डीच्या गर्दीत शिरण्यापूर्वी मी पाकीट मागच्या खिशातून काढून पुढच्या खिशात ठेवतो, रोकड दोन ठिकाणी विभागतो. कोणी विनाकारण धक्का दिला, की पहिला हात खिशावर जातो. रोम वा पॅरिसला निघालेल्यासही हाच सल्ला मिळतो. खिसेकापूचे भांडवल सर्वत्र एकच, गर्दी आणि आपले विचलित लक्ष.

२/ हे भय जुने आहे. इंग्लंडमध्ये १५६५च्या कायद्यानुसार खिसेकापूला फाशी होती. सॅम्युएल रोमिली यांच्या प्रयत्नांनी ती १८०८ मध्ये रद्द झाली.

३/ त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. तिकडे शिक्षा कृत्याला होती. इकडे भामटा, पारधी अशा जमातींत जन्मणेच संशयास पुरेसे ठरले. पोलिसांकडे हजेरी, प्रवासावर निर्बंध, सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची वसाहत.

४/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. पण ‘भामटा’ हा शब्द आपण आजही लबाड माणसासाठी सहज वापरतो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचल्यावर तो शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघेना.

५/ आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पारधी वस्त्या आहेत. चोरीची वार्ता आली, की पुराव्याआधी बोट तिकडे वळते. मित्रहो, गर्दीत खिशावर हात अवश्य ठेवा; चोर मात्र कृत्यावरून ओळखा, जन्मावरून नव्हे.