माघ, शके १८५०

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण संपलं, तेव्हा उरलंय ते फक्त टायपिंग, असं मी धरून चालले होते. संदर्भसूची दोन रात्रींत उरकली. मार्गदर्शक मॅडम ती पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचत गेल्या आणि एका नोंदीपाशी थांबल्या. "हा अंक तू हातात घेतला होतास?"

नव्हता घेतला. पृष्ठांक मी दुसऱ्याच एका ग्रंथाच्या तळटीपेतून उचलला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्या मासिकाचा बांधीव खंड काढला. पान ४७ वर भलताच लेख! वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले, पण प्रत्येक अंकाची पानं पुन्हा १ पासून. म्हणजे त्या खंडात ४७ व्या क्रमांकाची बरीच पानं होती आणि मी अंक क्रमांकच दिला नव्हता. एपीए शैलीच्या सहाव्या आवृत्तीत अंक क्रमांक नेमका अशाच नियतकालिकांसाठी मागितला होता. २०१९ च्या सातव्या आवृत्तीनं तो उपलब्ध असेल तर द्यायचाच, असं ठरवलं. हा नियम मी पाठ केला होता. तो कशासाठी आहे, ते त्या खंडाची पानं उलटताना कळलं.

खरा घोळ पुढे होता. माझ्या तिसऱ्या प्रकरणात दोन अभ्यासकांचा वाद आहे. एकाचा लेख डिसेंबर १९२८ च्या मासिकात, दुसऱ्याचा एका त्रैमासिकात. त्यावर छापलं होतं 'माघ, शके १८५०'. मी सरसकट ७८ मिळवून १९२८ लिहून मोकळी झाले होते आणि डिसेंबरचा लेख हे त्याला दिलेलं उत्तर आहे, असा मुद्दा पाच पानं मांडला होता. पण शक बदलतो पाडव्याला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १८५० चा माघ आला १९२९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे उत्तर म्हणून मी दाखवलेला लेख आधीचा होता. ती पाचही पानं मी नव्यानं लिहिली.

तेव्हापासून शकाचं वर्ष मी छापलंय तसंच ठेवते आणि इसवी सन कंसात देते. भारत इतिहास संशोधक मंडळाचं शके १८३५ चं वार्षिक इतिवृत्त असेल, तर कंसात १९१३-१४, दोन्ही वर्षं.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ, पण वेळखाऊ. इंग्रजी लेखांतून घेतलेले 'व्ही. के. राजवाडे' आणि मराठीतले 'वि. का. राजवाडे' माझ्या यादीत दोन वेगळी माणसं होऊन बसले होते. नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत हवं, हा नियम रोमन लिपीतून आलेला. देवनागरी तिरपी केली की वेलांट्या आणि रफार डोळ्यांना टोचतात. आम्ही नावं ठळक केली आणि तसं सूचीच्या आरंभी नोंदवलं.

प्रत्येक अंक हातात घेऊन, मुखपृष्ठ पाहून, लेखाचं पहिलं आणि शेवटचं पान स्वतः उतरवून घ्यायला अकरा दिवस लागले. एक अंक मात्र तीन ग्रंथालयांत शोधूनही मिळाला नाही. ती नोंद मी सूचीतून काढली, ज्या ग्रंथात त्या लेखाचा उतारा वाचला होता त्याचं नाव तिथे घातलं आणि मजकुरात लिहिलं : 'मूळ अंक पाहता आला नाही'. मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली, पुन्हा एकदा वाचली आणि पान उलटलं.