पाठमोरा अंबाडा

आत्याच्या लग्नातला एक फोटो आमच्याकडे आहे, १९६४ सालचा. नऊवारीतल्या आणि पाचवारीतल्या मिळून अकरा बायका दोन रांगांत उभ्या आहेत, सगळ्या समोर बघताहेत. कपाळावरचे फुगे स्पष्ट दिसतात, कुणाच्या कानामागून गजऱ्याच्या दोन-तीन कळ्या डोकावतात. पण ज्याच्यापायी त्यांची अख्खी सकाळ गेली असेल, तो अंबाडा मात्र अकरांपैकी एकीचाही दिसत नाही.

हे लक्षात आलं ते यंदा. लेकीच्या हौशी नाटकात तिला त्या काळातली सून उभी करायची होती. मोबाइलवर बघून बघून आम्ही मायलेकी तीन दिवस खटपट करत होतो. डझनभर आकडे खोचावेत आणि दहा मिनिटांत सगळा डोलारा मानेवर उतरावा. चौथ्या दिवशी लेक आत्यासमोर जाऊन बसली. आत्याने तिच्या केसांतून एकदाच बोटं फिरवली.

“आज न्हालीस होय गं?”

“हो आजी, मुद्दाम शाम्पू केला.”

“मग आज नको. न्हालेले केस हातात ठरत नाहीत. उद्या ये, आणि संध्याकाळी थोडं तेल लाव.”

दुसऱ्या दिवशी आत्याने पुढचे केस कानापासून कानापर्यंत वेगळे काढले आणि एकेक बट उभी धरून कंगवा उलटा, शेंड्याकडून मुळाकडे फिरवला. फुगा उभा राहतो तो यावर. केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात, त्यांची तोंडं शेंड्याकडे. सरळ विंचरलं की ते निजतात, उलट विंचरलं की एकमेकांत अडकतात. आत्याला खवल्यांचं काही ठाऊक नाही. ती म्हणते, “आत गुंता, वर गुळगुळीत. एवढंच.”

ते दिवसच डोक्याशी खेळण्याचे होते. १९६०मध्ये ‘लव्ह इन सिमला’ आला आणि रुंद कपाळ झाकण्यासाठी साधनाने कापलेली ती झालर घराघरांत पोचली. धाकट्या आत्याने आरशासमोर बसून स्वतःच साधना कट करून घेतला, तेव्हा माझ्या आजीने आठवडाभर तिला जेवायला वाढलं पण बोलली नाही. झालर स्वतःची स्वतःला कापता येत होती, कारण ती समोर होती. अंबाड्याचं तसं नाही. तो माणसाच्या पाठीमागे असतो आणि त्याला दुसऱ्याचे हात लागतात.

फुगा झाल्यावर आत्याने मागचे केस आगवळाने करकचून बांधले आणि फणेरपेटीतून गंगावन काढलं. ते तिच्या आईच्या केसांचं. कंगव्यात आलेले केस आजी फेकत नसे, बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यातल्या डब्यात ठेवी. दारावर फुगेवाल्याची ‘केसांवर फुगे’ अशी हाक आली, तरी तो डबा तिने कधी बाहेर काढला नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेला केस. माझ्या लेकीच्या केसांत तिच्या पणजीचे केस तीन पेडांनी गुंफले जात होते आणि मी दिवा धरून उभी होते.

आत्या आकडे ओठांत धरते, म्हणून अंबाडा घालताना बोलत नाही. आकडा ती सरळ खुपसत नाही. बाहेरच्या वळ्याचे चार केस त्याच्या दोन पायांत पकडते, आकडा उलटा फिरवते आणि डोक्याला लगटून मध्याकडे ढकलते. सहा आकडे पुरले. आम्ही बारा लावूनही जमलं नव्हतं. शेवटी जाळी, आणि भोवती अबोलीची वेणी. मग तिने लेकीच्या मानेवर हलकेच चापट मारली. झालं, ऊठ.

अंबाडा मागून पाहायला मिळायचा तो रंगभूमीवर. नट वळतो, चालतो, पाठमोरा होतो. बालगंधर्वांच्या साड्या, त्यांची केशरचना, त्यांनी माळलेली फुलं यांचं अनुकरण महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांनी केलं, ते नुसते फोटो पाहून नव्हे, नाट्यगृहात बसून. आणि चित्रकारांमध्ये धुरंधरांनी बायकांच्या पाठीही प्रेमाने पाहिल्या. जुनी केशरचना पुन्हा उभी करणाऱ्याने स्टुडिओतल्या फोटोंच्या आधी त्यांच्या चित्रांपाशी थांबावं.

पण जितकं मागे जावं तितकं एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्या घरात लेकीसुनांच्या खोप्यात केवडा माळला जात होता, त्याच घराच्या माजघरात केशवपन केलेली एखादी बाई आलवण नेसून बसलेली असे. तिच्याही पाठीमागे दुसऱ्याचेच हात आले होते, वस्तरा घेतलेले. १८९०मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. त्यामागे जोतीराव फुल्यांचा विचार आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचे कष्ट होते. केसांच्या इतिहासात वेणी घालणाऱ्या हातांइतकेच हे नकार देणारे हातही मला मोठे वाटतात.

प्रयोगाच्या रात्री लेक देवघरापाशी पाठमोरी बसली आणि प्रकाश तिच्या अंबाड्यावर आला. पहिल्या रांगेत आत्याने माझा हात घट्ट दाबला. अडीच तासांत एकही आकडा सुटला नाही. घरी आल्यावर आत्याने तो सोडवला, गंगावन विंचरलं, पुन्हा पेटीत ठेवलं आणि पेटी लेकीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी आत्याचे हात कामात असतानाचे फोटो काढले, सगळे मागून. तुमच्या घरीही अशी कुणी असेल, पाचपेडी किंवा सागरवेणी जिच्या बोटांत अजून आहे. तिला पद्धत विचारू नका, सांगता येणार नाही तिला. तिच्याकडे पाठ करून बसा. आणि ती वेणी घालील तेव्हा आणखी कुणाला तरी मागे उभं करा, पाठ करून घ्यायला.