गडावर जायचं, तर आधी ब्रेक

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन निवांत वाचा. ज्यांच्या घरात गाडी आहे आणि गाडीत बसणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी तर नक्की वाचा.

सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी घरांत गाडी आली की तिची पहिली लांबची फेरी बहुतेक ठरलेलीच असते. वणीचा सप्तशृंगी गड. कुणाचा नवस, कुणाची कुलदेवी. आमचे वडील होते तेव्हा उधन्याहून एसटी पकडायची, पोरांना मांडीवर घ्यायचं आणि निघायचं. आता वाघई, सापुतारा करत आपापल्या गाडीने जातो. पण घाट तोच आहे. आधी सापुताऱ्याचा, मग नांदुरीहून गडावर चढायचा. चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक. जानेवारी २००८ मध्ये गडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसच्या वर माणसं गेली. आमच्या गल्लीत ते दिवस अजून कुणी विसरलेलं नाही.

आमच्या मायचं वय ७८. गुडघ्यांमुळे पायऱ्या झेपेनात म्हणून तिने गड सोडून दिला होता. २०१८ साली गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तरी या ना त्या कारणाने जाणं राहूनच गेलं. या वर्षी ती म्हणाली, "माले एक डाव देवीनं तोंड दखाड." मग नाही म्हणायला जागाच उरली नाही.

नेमकं त्याच सुमारास ब्रेकने बोलायला सुरुवात केली. उधना दरवाजाकडून पुलाचा उतार उतरताना पेडल पायाखाली थरथरायचं आणि सिग्नलजवळ बारीक किंचाळी ऐकू यायची. बऱ्याच पॅडना धातूची छोटी पट्टी असते. पॅड झिजत आलं की ती डिस्कला घासते आणि आवाज करते. कंपनीने मुद्दाम ठेवलेला निरोपच म्हणा तो. चाक काढलं तर पॅडचा मसाला जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता. नव्या पॅडला साधारण १० मिलिमीटर असतो. म्हणजे पॅड बदलायचेच होते. कुठले घ्यायचे, यावर मात्र घरात तीन पक्ष पडले.

आमचे मोठे भाऊ, अण्णा, म्हणाले, "बाजारात ५०० रुपयांत पॅड मिळतात. टाक आणि नीघ. आम्ही काय ब्रेक बघून गडावर जात होतो?"

चिरंजीवांनी मोबाईल पुढे केला. "पप्पा, हे बघा. भोकं पाडलेल्या डिस्क आणि रेसिंगचे पॅड. १४ हजारांत पूर्ण सेट. ईएमआय मी भरतो." पोराची नवी नोकरी, पहिल्या पगाराची हौस. आजीला गडावर आपण न्यायचं हेही त्याच्या मनात होतं. त्याला एकदम तोडून टाकणं मला बरं वाटेना.

तिसरा पक्ष गॅरेजवाल्या काकांचा. सौराष्ट्राकडचा माणूस, कमी बोलणारा. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, नवा पॅड नाखीए तो डिस्क पण जोवी पडे."

मग मी दोन-तीन संध्याकाळी काकांच्या गॅरेजवर बसून विषय समजून घेतला. जे कळलं ते इथे लिहितो.

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. घाटात तर वेग वाढला नाही तरी ऊर्जा येतच राहते. माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली की जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यावर हजार वॅटची इस्त्री वीस मिनिटं चालेल. इंजिनने आणि हवेने त्यातली काही खाल्ली नाही, तर ती सगळी त्या चार चाकांत जाते. सापुतारा समुद्रसपाटीपासून ९०० ते १००० मीटरवर आहे, आता हिशोब करा.

हे ऐकून चिरंजीव खूश झाले. "म्हणजे रेसिंगचेच पॅड हवेत ना?" तर नाही. रेसिंगच्या पॅडचा मसाला तापल्यावर काम करावा असाच बनवलेला असतो. थंड असताना तो कमी पकडतो, आवाज करतो, डिस्कही लवकर खातो. रेसमध्ये ड्रायव्हर आधी चक्कर मारून ब्रेक तापवतो. आपण सकाळी सोसायटीतून निघतो आणि पहिल्याच वळणावर रिक्षा आडवी येते, नाहीतर रिंग रोडला कापडाचे गठ्ठे लादलेला टेम्पो न बघता थांबतो. तेव्हा ब्रेक थंडच असतो आणि पहिल्याच दाबात त्याने धरायला हवं. रस्त्यावरच्या गाडीची खरी परीक्षा ही. घाट वर्षातून दोनदा, रिंग रोड रोज.

भोकं पाडलेल्या डिस्कचंही तसंच. जुन्या काळी रेसच्या पॅडमधून तापल्यावर गॅस सुटायचा, त्याला वाट म्हणून भोकं आणि खाचा आल्या. आजच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही. पावसात पाणी निघून जायला भोकांची थोडी मदत होते हे खरं. पण तेवढं लोखंड कमी होतं, आणि वारंवार तापलं-थंड झालं की भोकाच्या कडेपासून तडे जाऊ शकतात. घरगुती गाडीला साधी, गुळगुळीत डिस्क बरी. मधून हवा खेळणारी डिस्क कंपनीने दिली असेल तर तशीच घ्यावी, भरीव असेल तर भरीव.

आता अण्णांचे ५०० रुपये. पॅड तीन प्रकारचे मिळतात. एक ऑरगॅनिक, मऊ आणि शांत, बऱ्याच छोट्या गाड्यांना येतात ते. दुसरे सेमी-मेटॅलिक, यात धातूचे तंतू असतात. उष्णता चांगली सोसतात, पण आवाज आणि काळी भुकटी जास्त. तिसरे सिरॅमिक, शांत, भुकटी कमी, किंमत जास्त. तिन्हींत चांगला माल आहे आणि तिन्हींत रद्दीही आहे. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीवर दोन अक्षरं छापलेली असतात, ती बघा. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याच्या वर. दोन्ही अक्षरं एफ असतील तर थंड आणि गरम दोन्हीत पकड जवळजवळ सारखी. आपल्या कामाला तेच हवं. अण्णांनी सुचवलेल्या पॅडवर अक्षरंही नव्हती आणि बनवणाऱ्याचं नावही. बिल मागितलं तर दुकानदार हसला. मी ते घेतले नाहीत.

मग डिस्क. प्रत्येक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमच्यावर १५ मिलिमीटर होता. काकांनी सात-आठ ठिकाणी मोजलं, कुठे १५.२, कुठे १५.३. पेडल थरथरत होतं ते या फरकामुळेच. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती वाकडी नसते, जाडी कमी-जास्त झालेली असते किंवा पॅडचा मसाला तिच्यावर ठिकठिकाणी चिकटलेला असतो. जाडी भरपूर असती तर लेथवर घासून घेतली असती. आमची घासली असती तर १५ च्या खाली गेली असती. पातळ डिस्क उष्णता कमी झेलते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क नव्या. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढू शकते.

गंजावरून एक सांगतो. सुरतेची हवा दमट, डुमसकडे तर खारट. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो, तो दोन-तीन ब्रेकमध्ये निघतो, घाबरू नका. पण ऑगस्ट २००६ च्या पुरात अडाजणला आमच्या मेव्हण्यांची गाडी पाण्यात राहिली होती. पाणी ओसरल्यावर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसले होते, हातोडीने ठोकून सोडवावे लागले. तेव्हा पुढचे पॅड बदलताना मागचे ड्रम उघडून बघायला विसरू नका. भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. पॅड कितीही भारी असला तरी मग उपयोग नाही. दर दोन वर्षांनी बदला.

घरात मी हे सगळं मांडलं. माय इतका वेळ तूरडाळ निवडत होती. ती नातवाकडे बघून म्हणाली, "गाडी चमकाले नको रे भाऊ, थांबाले जोयजे." पोरगा हसला आणि मोबाईल बाजूला ठेवला.

कंपनीच्या मापाचे एफ-एफ पॅड, साध्या डिस्क, नवं ऑइल, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस आणि मजुरी, सगळं ७ हजारांच्या आत बसलं. पैसे चिरंजीवांनीच दिले, तो मान त्याचा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला डुमस रोडला मी त्याला घेऊन गेलो. ६० वरून २० पर्यंत हळूच ब्रेक, पुन्हा ६०, असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही, शेवटी गाडी गार होईपर्यंत चालवत राहायचं. याने पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसतो. एवढं न करता थेट घाटात जाऊ नये.

गडावर गेलो. ट्रॉलीतून माय वर पोचली, देवीपुढे बराच वेळ हात जोडून उभी राहिली. उतरताना गाडी पोराने चालवली. चढताना जो गियर होता त्याच गियरमध्ये उतरलो. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, लागेल तेव्हा दाबायचा आणि सोडायचा. नांदुरीला येईपर्यंत मायला मागच्या सीटवर झोप लागली होती. अण्णा पुढे बसले होते, ते काही बोलले नाहीत. पण परत आल्यावर त्यांनी त्यांच्या गाडीच्या डिस्क मोजायला काकांकडे पाठवल्या.

आमच्या गाडीच्या बॉनेटच्या आत आता चिरंजीवांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर ब्रेक ऑइल पुन्हा बदलायची तारीख आहे. तुम्ही चैत्रात गडावर निघणार असाल तर आधी एक चाक उघडून बघा.