कुलूप लागलेल्या खोल्या

मानेसर हे नाव आईने बातम्यांत पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२० मध्ये. कोरोनाच्या साथीमुळे वुहानहून विमानाने आणलेल्यांपैकी २४८ जणांना इथल्या लष्करी छावणीत वेगळं ठेवलं होतं. १८ तारखेला ते सुखरूप घरी गेले, तरी पुण्याहून तिचा फोन रोज चालूच. "त्यांना तुमच्याकडेच का आणून ठेवलं गं?" मी तिला समजवायची की छावणीचा नि आमचा काही संबंध येत नाही. आई-आप्पांच्या काळजीने मीही पुण्याला रोज फोन करणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

इथल्या आयएमटीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. हजार नगांच्या लॉटमधून ठरलेले नग उचलायचे, गेज लावायचा आणि तेवढ्यावरून अख्खा लॉट पास की रिजेक्ट ते सांगायचं. नग कोणते उचलायचे याचा नियम कडक असतो. पेटीच्या वरच्याच थरातले नग घेतले तर आमचे साहेब पूर्ण तपासणी पुन्हा करायला लावतात. हाताला सहज लागतात त्या नगांवर ते विश्वास ठेवत नाहीत.

ऑगस्टमध्ये माझाच नमुना घेतला गेला.

मी मानेसरजवळच्या कासन गावात राहते. खाली घरमालक, वर माझी खोली. शेजारच्या आवारात एका ओळीत १८ खोल्या, तीन संडास, एक नळ. मार्चपर्यंत एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच मुलं असायची, बिहारची, पूर्व उत्तर प्रदेशातली. एक रात्रपाळीहून येऊन झोपला की त्याच जागेवरून दुसरा उठून कामावर जायचा. २४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन लागला. आठवड्याभराने त्यातले काही हायवेने चालत निघाले, बाकीचे मे महिन्यात श्रमिक रेल्वेने गेले. मारुतीचा मानेसरचा कारखाना १२ मेला पुन्हा सुरू झाला आणि त्याच्यामागे आमच्यासारख्यांची यंत्रंही हळूहळू फिरू लागली. शेजारच्या खोल्यांची कुलपं मात्र निम्म्याच्या वर तशीच होती.

नमुना घेतला त्या दिवशी मला दुसरी पाळी होती म्हणून सकाळी मी घरी होते. आरोग्य खात्याच्या सिस्टर, एक लॅब टेक्निशियन आणि बर्फाची पेटी घेतलेला एक मुलगा असे तिघं गल्लीत घरं मोजत आले. घरमालकीणबाईंनी दार उघडलं नाही. एप्रिलमध्ये समोरच्या घरावर विलगीकरणाचा कागद चिकटवला होता, ती धास्ती त्यांच्या मनात होती. मी खाली उतरले. "आंटीजी, यात कोणाला उचलून नेत नाहीत," म्हटलं, "आधी माझं घेऊ दे, तुम्ही बघा." त्या पायरीवर उभ्या राहून बघत राहिल्या.

टेक्निशियनने प्रश्न विचारले. ताप येऊन गेला? खोकला? घरात कोणी पॉझिटिव्ह? सगळ्याला नाही. मग डाव्या हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढलं. नाकातला स्वॅब सांगतो की विषाणू आज शरीरात आहे का. हे रक्त सांगतं की तो कधी येऊन गेलाय का. आला असेल तर शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली असतात. त्यातली टिकणारी, आयजीजी नावाची, साधारण दोन आठवड्यांनी रक्तात सापडू लागतात. माणसाला शिंकसुद्धा आलेली नसली तरी त्याचं रक्त ती नोंद ठेवतं. म्हणून असलं सर्वेक्षण धडधाकट माणसांत करायचं असतं. आजारी माणूस दवाखान्यात मोजला जातोच.

माझं झाल्यावर सिस्टर शेजारच्या आवारात गेल्या. चार दारं वाजवली. कुलूप, कुलूप, मग दोन खोल्या नुसत्या बंद, कारण त्यातली मुलं पहिल्या पाळीला गेलेली. त्या परत फिरल्या आणि पुढच्या घरी गेल्या. त्यांचा दोष नव्हता. संध्याकाळपर्यंत नमुने जिल्ह्याला पोचवायचे होते आणि उन्हात पीपीई किट घालून त्या अख्खं गाव हिंडत होत्या. पण मला आमच्या साहेबांचा पेटीचा वरचा थर आठवला आणि दिवसभर तो मनातून गेला नाही.

त्याच आठवड्यात, १७ ऑगस्टला पुण्याचा आकडा आला. आयसर आणि पुणे विद्यापीठाने पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचं रक्त तपासलं होतं आणि ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं निघाली होती. रात्री आप्पा फोनवर आले, आवाजात चार महिन्यांनी उत्साह. "अर्ध्या पुण्याला होऊन गेलाय. आपल्या रास्ता पेठेतसुद्धा तपासलं. आता उद्यापासून मंडळात जातो."

मी घाबरले. "आप्पा, अर्धं पुणं नाही ते," मी सांगू लागले. "ज्या प्रभागांत रुग्ण जास्त होते तेच पाच निवडलेत. त्यातही लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्के आणि कसबा-सोमवारात ३६. तुम्ही कोणत्या अर्ध्यात आहात ते त्यात लिहिलेलं नाही. तुम्ही उरलेल्या अर्ध्यात असाल तर?" ते गप्प झाले. मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, "नाही जाऊ देत मी त्यांना." आमच्या वाड्यात अजून सामाईक संडास आहे. त्या अहवालात तेही होतं. सामाईक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के, स्वतंत्र असणाऱ्यांत ४५. मी ते आईला सांगितलं नाही. खिडकीतून शेजारच्या आवारातले तीन संडास दिसत होते.

मुंबईचा जुलैचा आकडा हेच सांगत होता. तीन वॉर्डांत तपासलं, तर झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६. मुंबईची सरासरी म्हणून एकच आकडा छापला असता तर त्याने दोन्हीकडच्या लोकांना फसवलं असतं.

काही दिवसांनी मला कळलं की माझ्या रक्तात प्रतिपिंडं आहेत.

मला काहीच झालं नव्हतं. एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. पहिल्यांदा मनात आलं ते घरमालकीणबाईंच्या सासूबाईंचं. जूनमध्ये त्या आठ दिवस तापाने पडून होत्या आणि रोज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसायची. त्या बऱ्या झाल्या, पण माझ्यामुळे पडल्या होत्या का? मी त्यांच्यापुढे जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, बोलल्या काही नाहीत.

मग मी कामाचं डोकं वापरलं. आमचा गेजही कधी चांगल्या नगाला वाईट म्हणतो. समजा, ही चाचणी संसर्ग न झालेल्या शंभरातल्या दोघांना चुकून 'झाला' म्हणते. खरा संसर्ग शंभरात एकालाच झाला असेल, तर 'झाला' म्हणून निघालेल्या तिघांतले दोघं खोटे. शंभरात दहांना झाला असेल, तर बारा-एक जणांत दोघं खोटे. म्हणजे साथ जितकी कमी पसरलेली, तितका एकट्याचा निकाल कच्चा. मे-जूनमधल्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २८,००० लोक तपासले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने घडवलेल्या 'कवच' किटवर जे पॉझिटिव्ह निघाले ते दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासले, ते यासाठीच. त्यानंतरचा अंदाज ०.७३ टक्के होता. लॉटबद्दल हे गणित नीट सुधारता येतं. एका नगाबद्दल नाही. आजींना ताप माझ्यामुळे आला का, याचं उत्तर त्या नळीतल्या रक्तात नव्हतं आणि कधीच मिळणार नाही.

सप्टेंबरमध्ये, माझं रक्त ज्यात गेलं त्या हरियाणाच्या सर्वेक्षणाचा निकाल जाहीर झाला. २२ जिल्हे, १८,९०५ नमुने, ८ टक्के. आमच्या गुडगावात १०.८, शेजारच्या फरिदाबादेत २५.८. दिल्लीत जुलैमध्येच २३ टक्क्यांच्या वर निघाले होते. कारखान्यात कोणीतरी म्हणालं, बघा, आपल्याकडे कमीच आहे. मी त्या १०.८ मध्ये आहे. सिस्टर, टेक्निशियन आणि ती बर्फाची पेटी वाहणारा मुलगा यांनी तो आकडा उन्हात गोळा केला, त्याचं मोल मला माहीत आहे. पण शेजारच्या १८ खोल्यांतला एकही माणूस आमच्या गल्लीच्या हिशेबात नाही, हेही मी पाहिलंय. निम्मे जण खोल्या सोडून गेलेले आणि उरलेले पाळीवर. एकमेकांच्या श्वासात झोपणारे आणि तीन संडासांपुढे रांग लावणारे तेच होते.

पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. 'निम्म्यांना होऊन गेलंय' असं म्हणणारं पुणं मार्चपासूनच होरपळत होतं, आणि आमच्याकडे लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर फिरत होते. आप्पांना झाला, घरीच निभावलं. सप्टेंबर २०२१ मध्ये हरियाणाच्या तिसऱ्या फेरीचा आकडा आला, ७६.३ टक्के. त्यात लसीची प्रतिपिंडंही मिसळलेली होती.

आता आवारातल्या सगळ्या खोल्या पुन्हा भरल्यात. फ्लू असो, आरएसव्ही असो की अजून नाव नसलेला एखादा विषाणू, श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराचं असं सर्वेक्षण पुन्हा होईल. ते आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की मानेसरला याल तेव्हा एक टेबल कारखान्याच्या गेटवर लावा, दुपारी पाळी बदलते त्या वेळेला. आणि दुसरी चक्कर या खोल्यांवर मारा, रात्री आठनंतर, मुलं स्वयंपाकाला लागतात तेव्हा. दारं उघडीच असतात.